कन्सोलला घरचे गेम्स किती लागतात?

मारिओ कार्ट ८ हा एकच गेम निन्टेन्डोनं दोनदा विकला. पहिल्यांदा मे २०१४ मध्ये वी यू नावाच्या कन्सोलवर, म्हणजे गेम्स खेळायच्या मशीनवर, तिथे तो साधारण ८४ लाख खपला. नंतर एप्रिल २०१७ मध्ये थोडी डागडुजी करून, बॅटल मोड नीट करून, नावापुढे डिलक्स लावून पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आणला आणि तो आजवर ६ कोटींच्या वर गेलाय. जुने ट्रॅक सगळे तेच, गाड्या जवळपास त्याच, वळणावर गाडी घसरवत न्यायची आणि चाकाखालच्या ठिणग्यांचा रंग बदलला की सोडायची हे गणितही तेच. तरी वी यू मेला आणि स्विच जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या कन्सोल्समध्ये जाऊन बसला. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दुसऱ्या कन्सोलवर न मिळणाऱ्या गेम्सवरच कन्सोल चालतो असं कोणी ठामपणे म्हणालं की मला पहिलं हेच आठवतं, कारण गेम तोच असताना एका मशीनचं भलं झालं नाही आणि दुसऱ्याचं झालं, म्हणजे उत्तर नुसतं गेममध्ये नाहीये.

आणि त्या गेमची काहीच चूक नव्हती. वी यू एकूण खपले १ कोटी ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे ज्यांच्या घरी वी यू होता त्यातल्या दर दहा जणांमागे सहा जणांनी मारिओ कार्ट घेतला. एका गेमनं याहून जास्त काय करायचं?

हा विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळतोय. जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये कंपन्यांचे मोठे शो होतात, आपल्याकडे रात्र झालेली असते, आम्ही मित्र आपापल्या घरी जागे राहून बघतो आणि शो संपला की लगेच मोजणी सुरू, यांचे किती आले, त्यांचे किती आले. फर्स्ट पार्टी म्हणजे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या स्टुडिओत बनवलेले किंवा पदरचे पैसे घालून बनवून घेतलेले गेम्स, आणि त्यातले जे दुसऱ्या कुठल्याच कन्सोलवर मिळत नाहीत ते एक्सक्लुझिव्ह. ज्याच्याकडे असे जास्त तो कन्सोल भारी, असा एक सरळसोट हिशोब सगळ्यांच्या मनात पक्का बसलेला असतो. मला तो पटत नाही. कन्सोलला असे दोन-तीन गेम लागतात जे बघून माणसाला कळतं की हे मशीन कशासाठी काढलंय, ते वेळेवर यावे लागतात, आणि त्यांच्या मधल्या काळात बाकी जगाचे गेम्स त्यावर नीट चालावे लागतात. याच्यापुढे दहा आले काय नि वीस आले काय, फार फरक पडत नाही. पण ते दोन-तीनसुद्धा नसतील तर मात्र मशीनचा पायाच हलतो, आणि हे सध्या आपल्या डोळ्यांसमोर घडतंय.

वी यू वर जरा थांबतो, कारण हा सगळा प्रश्न त्यात सापडतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. सोबत एक मोठा थोरला कंट्रोलर, मध्ये ६.२ इंचाचा टचस्क्रीन. नाव जुन्या वी सारखंच, त्यामुळे हा नवीन कन्सोल आहे की जुन्या वीला जोडायचं काहीतरी आहे हेच कित्येकांना कळलं नाही. सुरुवातीला मारिओ होता, निन्टेन्डो लँड होता, आणि मग सगळं ठप्प. जानेवारी २०१३ मध्ये सातोरू इवाता, म्हणजे कंपनीचे अध्यक्ष, स्वतः कॅमेऱ्यासमोर आले आणि जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडून एकही गेम येत नाहीये म्हणून त्यांनी लोकांची माफी मागितली. एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख असं उघडपणे बोलतो याचं मला आजही कौतुक वाटतं, पण माफीनं शेल्फ भरत नाही ना. त्यातच युबिसॉफ्टचा रेमन लेजेंड्स, जो फक्त वी यू साठी म्हणून फेब्रुवारीत येणार होता, तो पुढे ढकलला आणि सगळ्या कन्सोल्सवर न्यायचं ठरलं. दुष्काळात तेरावा महिना.

आता गंमत बघा, वी यू वर गेम्स कमी आले असं नाही म्हणता येत. पिकमिन ३, सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड, डाँकी काँग ट्रॉपिकल फ्रीझ, मारिओ कार्ट ८, बेयोनेटा २, स्मॅश ब्रदर्स, स्प्लाटून, मारिओ मेकर, झेनोब्लेड एक्स. ही यादी बघून कुठल्याही कंपनीला हेवा वाटेल. स्प्लाटूनमध्ये तर बंदुकीतून रंग उडवून जमीन रंगवायची, आणि ज्याचा रंग जास्त पसरला तो जिंकला, इतकी साधी कल्पना त्याआधी इतक्या झकासपणे कोणी केली नव्हती. पण ते सगळं आलं वरातीमागून घोड्यासारखं. तोपर्यंत दुकानदारांनी जागा कमी केली होती, इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली होती, आणि नवा फिफा नाही, बॅटलफिल्ड नाही, जीटीए ५ नाही अशा मशीनकडे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कशाला बघेल. त्याच्या वर्गातली पोरं दुसऱ्या दिवशी जे बोलणार ते त्याच्याकडे चालतच नाही.

स्विचचं तेच सगळं उलटं झालं. ३ मार्च २०१७ ला झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड सोबत आला, एप्रिलमध्ये मारिओ कार्ट, जूनमध्ये आर्म्स, जुलैत स्प्लाटून २, ऑक्टोबरात मारिओ ओडिसी, डिसेंबरात झेनोब्लेड २. दर एक-दोन महिन्यांनी काहीतरी. पण यात एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे ब्रेथ ऑफ द वाइल्ड त्याच दिवशी वी यू वर पण आला होता. म्हणजे ज्या गेमनं स्विच विकला असं आपण सगळे म्हणतो तो स्विचचा एक्सक्लुझिव्ह नव्हताच! लोकांनी तो स्विचवर का घेतला? कारण डोंगर चढता चढता कन्सोल स्टँडमधून उचलायचा आणि तोच डोंगर बसमध्ये बसून चढायचा, हे फक्त तिथेच होत होतं. गेम आणि मशीन एकमेकांना समजावून सांगत होते, आणि हे मला संख्येपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

त्या दर महिन्याच्या वेळापत्रकामागे कारणही होतं. आधी निन्टेन्डोला एकाच वेळी हातातल्या थ्रीडीएससाठी वेगळे गेम्स आणि टीव्हीला जोडायच्या वी यू साठी वेगळे गेम्स काढावे लागायचे, तीच माणसं, तोच वेळ, दोन तोंडं भरायची. इवातांनी २०१३ मध्ये हार्डवेअरचे दोन विभाग एकत्र आणले, २०१५ मध्ये गेम्स बनवणारे विभागही एक झाले. त्याच वर्षी जुलैत इवाता वारले, बाजारात आलेला स्विच त्यांनी बघितला नाही. पण एकच मशीन असल्यावर सगळ्यांचे हात एकाच ठिकाणी लागले, म्हणून दुष्काळ संपला. स्टुडिओ वाढवले म्हणून नाही.

याच्या मागे गेलं तर निन्टेन्डो ६४. १९९६ ला अमेरिकेत सुरू झाला तेव्हा दुकानात त्याचे दोनच गेम होते, सुपर मारिओ ६४ आणि पायलटविंग्ज ६४. पुढे गोल्डनआय आला, ओकारिना ऑफ टाइम आला, एकापेक्षा एक. पण कंपनी कार्ट्रिजला चिकटून राहिली, ते बनवायला महाग आणि त्यात जागा सीडीच्या मानानं फारच कमी, म्हणून स्क्वेअरनं फायनल फँटसी ७ उचलून १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर नेला, तो पण तीन सीड्यांवर. त्यांच्यामागे बाकीचे गेले. निन्टेन्डो ६४ साधारण ३ कोटी ३० लाख खपला, पहिला प्लेस्टेशन १० कोटींच्या वर. घरात हापूसची पेटी आलीये पण तांदळाचा डबा रिकामा, अशी त्या मशीनची गत झाली होती.

मग पीएस४ चं, म्हणजे सोनीच्या चौथ्या प्लेस्टेशनचं काय, तो तर एक्सक्लुझिव्हवरच जिंकला ना, असं लगेच कोणीतरी म्हणतं. तारखा बघूया. पीएस४ नोव्हेंबर २०१३ ला आला. पहिल्या वर्षात सोनीचं स्वतःचं काय होतं, किलझोन, नॅक, मार्चमध्ये इन्फेमस. ड्राइव्हक्लब पहिल्या दिवशी येणार होता तो ऑक्टोबर २०१४ पर्यंत लांबला. तरी ऑगस्ट २०१४ मध्येच १ कोटी कन्सोल विकले गेले होते! आणि एप्रिल २०१८ ला गॉड ऑफ वॉर आला तेव्हा ७ कोटींच्या वर मशीन्स लोकांच्या घरी आधीच पोचली होती. स्पायडरमॅन त्याच्याही नंतर, सप्टेंबरमध्ये. म्हणजे ज्या गेम्सचं नाव घेऊन आपण पीएस४ आठवतो ते बऱ्यापैकी शर्यत संपल्यावर आले.

जिंकला तो कशामुळे, तर पीएस४ ३९९ डॉलरला आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन ४९९ ला, कारण त्याच्यासोबत किनेक्ट कॅमेरा गळ्यात मारला होता. मायक्रोसॉफ्टनं आधी सतत इंटरनेट लागेल, जुनी डिस्क विकताना अटी असतील असं सांगून लोकांना बिथरवलं होतं, नंतर मागे घेतलं पण व्हायचं ते नुकसान झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्यांचे गेम्स पीएस४ वर जास्त स्वच्छ दिसत होते, कॉल ऑफ ड्यूटी घोस्ट्सचं चित्र इथे १०८० रेषांचं आणि तिकडे ७२०. जो गेम दोन्हीकडे आहे तोच इकडे चांगला चालतोय, मग माणूस इकडेच येणार.

एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर मे २०२३ मध्ये एका मुलाखतीत यावर फार स्पष्ट बोलले होते. त्यांचं म्हणणं साधारण असं की हरायला सगळ्यात वाईट पिढी होती ती नेमकी आम्ही हरलो, कारण त्याच काळात लोकांनी आपली डिजिटल गेम्सची लायब्ररी जमवली, आणि आता आम्ही कितीही भारी गेम काढला तरी कोणी आपला पीएस५ विकून आमच्याकडे येणार नाही. तेव्हा त्यांचा रेडफॉल नावाचा गेम नुकताच आपटला होता, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्याला रडगाणं म्हणून सोडून दिलं. मला ते पटलं होतं. माझ्या पीएस४ च्या अकाउंटवर वर्षानुवर्षं घेतलेले गेम्स पडलेत, सगळे मित्र तिथे, ट्रॉफ्या तिथे. दुसरीकडे जायचं तर ते सगळं मागे सोडून जायचं. एक गेम, दहा गेम यावर ते ठरत नाही.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी आहे. माझ्या वयाच्या लोकांनी पीएस२ खेळला तो बहुतेक कोणाच्यातरी घरी नाहीतर तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये, आणि तिथे काय चालायचं? जीटीए सॅन अँड्रियास, टेकन ५, डब्ल्यूडब्ल्यूई, क्रिकेट ०७, फिफा. यातला एकही सोनीनं बनवलेला नाही. सॅन अँड्रियास तर रॉकस्टारचा, पीएस२ वर २००४ मध्ये आधी आला आणि पुढच्याच वर्षी पीसीवर पण आला. गॉड ऑफ वॉर होता, काही जण खेळायचे, पण पोरांची रांग लागायची ती सॅन अँड्रियासच्या हिरोच्या, सीजेच्या सायकलसाठी. तो कन्सोल जगभर १६ कोटी खपला आणि आपल्या गल्लीत तो दुसऱ्यांच्या गेम्सवर चालत होता.

सोनीनं इथे भारतासाठी म्हणून मुद्दाम गेम्स काढले हे किती जणांच्या लक्षात आहे माहीत नाही. २००९ मध्ये पीएस२ वर हनुमान बॉय वॉरियर आला, हैदराबादच्या स्टुडिओनं बनवलेला. त्याच वर्षी देसी अड्डा, त्यात कबड्डी, पतंग, विटीदांडू. मग स्ट्रीट क्रिकेट. मला हा प्रयत्न मनापासून आवडतो, कोणीतरी आपल्या अंगणातले खेळ स्क्रीनवर आणायचं ठरवलं, इथल्या पोरांना काम दिलं. पण व्याख्येनुसार हे अगदी पक्के एक्सक्लुझिव्ह होते, दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या कन्सोलवर मिळत नव्हते, आणि देसी अड्डासाठी पीएस२ घेतला असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. कारण त्या गेम्सना हवा तेवढा वेळ, पैसा, सुधारणा यातलं काही मिळालं नाही. एका यादीत भर पडली एवढंच झालं.

आणि आता किमती बघा. पीएस५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, नंतर वाढला. त्या वेळी सोनीचा मोठा नवीन गेम होता ४,९९९ ला. पगारदार माणूस, घराचा हप्ता, पोरांची फी, त्यात वर्षाला असे किती गेम्स घेणार? माझ्या ओळखीतले बहुतेक जण एक घेतात, संपवतात, डिस्क विकून त्यात थोडे घालून दुसरा घेतात, आणि मधल्या वेळात रोज रात्री तासभर जुना फिफा किंवा जीटीए ऑनलाइन. आमच्याकडे यावर्षी बारा एक्सक्लुझिव्ह आहेत असं कोणी सांगितलं तरी त्यातले दहा आम्ही बघणारच नाही. मला एक किंवा दोन हवेत, पण असे की वर्षभर त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटलं पाहिजे.

मग फर्स्ट पार्टीचं काम काय? माझ्या मते एकच, मशीन काय करू शकतं ते दाखवणं, कारण दुसरी कुठलीही कंपनी ते करणार नाही. दुसऱ्यांना तोच गेम चार ठिकाणी विकायचा असतो, ते सगळीकडे चालेल तेवढंच वापरतात.

माझा मावसभाऊ अमेरिकेहून येताना वी घेऊन आला होता तेव्हाची वी स्पोर्ट्सची बोलिंग अजून डोळ्यांसमोर आहे. मावशीनं आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. मनगटाला पट्टा बांधला, खालचं बटण दाबून ठेव, हात मागे ने, पुढे आण आणि सोड, एवढंच सांगितलं. पहिल्या वेळी तिचा हात मागे असतानाच बटण सुटलं, तर बॉल सरळ मागे गेला आणि स्क्रीनवरची मागे उभी असलेली सगळी माणसं दचकून उड्या मारायला लागली, घरात नुसता हशा. दुसऱ्या वेळी तिनं साडीचा पदर खोचला, एक पाय पुढे टाकला आणि अशी काही लयीत फेकली की आठ पिना आडव्या. नंतर स्वयंपाक राहिला बाजूला, तीच म्हणतेय अजून एक डाव. कोणी तिला समजावलं नव्हतं की या मशीनमध्ये काय विशेष आहे. त्या गेमनं समजावलं, आणि अमेरिकेत तो कन्सोलच्या खोक्यातच फुकट यायचा. वी १० कोटींच्या वर खपला त्यात या एका गेमचा वाटा किती मोठा असेल.

पीएस५ वर तेच काम ॲस्ट्रोज प्लेरूमनं केलं. तो प्रत्येक पीएस५ मध्ये आधीपासून टाकलेला असतो. तो छोटा रोबो वाळूवरून चालला की हाताला खरखर लागते, काचेसारख्या जमिनीवरून चालला की टकटक, पाऊस पडायला लागला की तळहातात थेंब पडल्यासारखं वाटतं. स्प्रिंगचा सूट घातल्यावर ट्रिगर दाबताना तो खरंच अडतो, बोटाला जोर लावावा लागतो. मी तो पहिल्यांदा खेळलो तेव्हा कंट्रोलर उलटा करून बघितला होता की आत नेमकं काय आहे. त्यानंतर दुसऱ्या कंपन्यांचे कितीतरी गेम्स आले, त्यातल्या फारच थोड्यांनी त्या कंट्रोलरला इतका वाव दिला.

सोनीच्या ज्या टीम असोबी स्टुडिओनं तो बनवला त्यांनीच पुढे मोठा ॲस्ट्रो बॉट केला, साठेक माणसांनी तीनेक वर्षांत, आणि २०२४ चा द गेम अवॉर्ड्सचा गेम ऑफ द इयर त्याला मिळाला. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेत होती त्यावरून अमेरिकेत २०२३ मध्ये कोर्टात केस चालली तेव्हा सोनीच्या कागदपत्रांवर काळ्या शाईनं झाकलेले आकडे नीट झाकले गेले नाहीत, आणि जगाला कळलं की लास्ट ऑफ अस पार्ट २ ला २२ कोटी डॉलर लागले, दोनशेच्या आसपास माणसं. होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख डॉलर. एका गेमला एवढा पैसा आणि पाच-सहा वर्षं जाणार असतील तर वर्षाला दहा आणा म्हणणं म्हणजे त्या स्टुडिओच्या माणसांना पिळून काढणं आहे, नाहीतर मग निम्मे कच्चे बाहेर येणार. लास्ट ऑफ अस बनवणाऱ्या नॉटी डॉगसारख्या स्टुडिओनं २०२५ संपेपर्यंत पीएस५ साठी एकही कोरा करकरीत गेम दिलेला नाही, फक्त जुन्यांच्या नव्या आवृत्त्या.

संख्येच्या मागे लागून काय होतं तेही सोनीनंच दाखवून दिलं. कायम चालू राहणारे ऑनलाइन गेम्स, ज्यांना लाइव्ह सर्व्हिस म्हणतात, त्यांचा त्यांनी बाराचा आकडा ठरवला होता, २०२३ च्या नोव्हेंबरात तो निम्म्यावर आणला. त्यातला काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि दोन आठवड्यांत बंद करावा लागला, लोकांचे पैसे परत दिले, ऑक्टोबरात तो स्टुडिओ पण बंद झाला. कित्येक माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत गेली, मला त्याचं खरंच वाईट वाटतं. ज्या दिवशी त्याचे सर्व्हर बंद झाले ती तारीख ६ सप्टेंबर, आणि ॲस्ट्रो बॉट आला तो पण ६ सप्टेंबरलाच.

आणि त्याच वर्षाबद्दल सोनीनं फेब्रुवारीत आधीच सांगून टाकलं होतं की मार्च २०२५ पर्यंत आमच्या गॉड ऑफ वॉर, स्पायडरमॅनसारख्या मोठ्या मालिकांमधला नवीन गेम येणार नाही. किती ओरड झाली होती तेव्हा! तरी त्या आर्थिक वर्षात १ कोटी ८५ लाख पीएस५ गेले. लोक ब्लॅक मिथ वुकाँग खेळत होते, जो चिनी स्टुडिओचा, लोक कॉल ऑफ ड्यूटी, फोर्टनाइट, फिफाचा नवा अवतार खेळत होते.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग घरचे गेम्स नसले तरी चालतंय. नाही चालत, आणि म्हणून एक्सबॉक्सकडे यावं लागतं.

एक्सबॉक्स उभाच राहिला हेलोवर. १९९९ मध्ये तो गेम स्टीव्ह जॉब्सनी ॲपलच्या स्टेजवर दाखवला होता, २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं अख्खा बंगी स्टुडिओ विकत घेतला आणि नोव्हेंबर २००१ ला एक्सबॉक्ससोबत हेलो आला. एक गेम. कन्सोलवर बंदुकीचा गेम कंट्रोलरच्या दोन काड्यांनी इतका छान खेळता येतो हे त्यानं लोकांना पटवलं. आता त्यांच्याकडे डझनांनी स्टुडिओ आहेत, बेथेस्डा विकत घ्यायला ७५० कोटी डॉलर दिले, ॲक्टिव्हिजन घ्यायला ६,८७० कोटी, आणि तरी २०२२ चं अख्खं वर्ष पेंटिमेंट आणि ग्राउंडेड यांच्यासारख्या छोट्या गेम्सवर काढलं, कारण स्टारफिल्ड आणि रेडफॉल दोन्ही पुढे गेले. पेंटिमेंट सुंदर आहे, ज्यांनी खेळला नाही त्यांनी जरूर खेळा, पण तो कन्सोल विकणारा गेम नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी चार गेम्स दुसऱ्यांच्या कन्सोल्सवर द्यायचं जाहीर केलं. मग इंडियाना जोन्स पीएस५ वर, फोर्झा होरायझन ५ पीएस५ वर, गिअर्स पीएस५ वर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की हेलोसुद्धा येणार.

खेळणारा म्हणून मला याचा आनंदच आहे. फोर्झामध्ये मेक्सिकोच्या रस्त्यांवर गाडी हाणणं ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना मिळालं, ज्यांनी तो बनवला त्यांचं काम आणखी लोकांपर्यंत गेलं. गेम कुलुपात ठेवायला बनवत नाहीत. सोनी पण आपले गेम्स पीसीवर देते, हेलडायव्हर्स २ तर एक्सबॉक्सवर पण दिला. पण सोनीचा मोठा, एकट्यानं खेळायचा गेम अजून प्लेस्टेशन सोडून दुसऱ्या कन्सोलवर जात नाही, आणि तो एवढासा आडोसा पुरतोय. एक्सबॉक्सनं तो पण काढून टाकला, आता ते मशीन का घ्यायचं याचं उत्तर त्यांच्या जाहिरातीतही नीट सापडत नाही.

याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला निन्टेन्डो. स्विच भारतात अधिकृतपणे कधी विकलाच नाही. तरी लॅमिंग्टन रोडला जा, मिळतो. दुबईहून, सिंगापूरहून कोणीतरी आणतं, वॉरंटी नाही, बिघडला तर दुकानदाराच्या ओळखीचा कारागीर, ऑनलाइन स्टोअरसाठी दुसऱ्या देशाचं अकाउंट, गिफ्ट कार्डांची भानगड. एवढं सगळं करून लोक घेतात, आणि ते काय कॉल ऑफ ड्यूटीसाठी घेत नाहीत, मारिओ, झेल्डा आणि पोकेमॉनसाठी घेतात. स्विच २ तर जून २०२५ ला आला आणि पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांच्या वर गेला, त्यांचा स्वतःचा मोठा नवीन गेम त्या दिवशी एकच होता, मारिओ कार्ट वर्ल्ड. कंपनीनं आपल्याकडे लक्ष द्यावं असं मला फार वाटतं, इतकी माणसं दार वाजवतायत आणि आत कोणी नाही.

माझा एक कॉलेजचा मित्र पक्का एक्सबॉक्सवाला. एक्सबॉक्स ३६० पासून. आम्ही सगळे प्लेस्टेशनवर गेलो तरी तो गेला नाही, हेलो तिकडे आहे एवढंच त्याचं कारण, आणि त्याच्यासाठी ते पुरेसं होतं. हेलो पीएस५ वर येणार हे जाहीर झालं त्या रात्री मी त्याला फोन केला, आता आपण एकत्र खेळू म्हणून. तो खूश होता, खरंच होता. मग मी विचारलं पुढचा एक्सबॉक्स आला की घेणार का, तर म्हणाला, "नाही रे, आता कशाला? हेलो तुझ्याकडे पण आहे, पीसीवर पण आहे. मी पीसीच जुळवतो." आणि मग अर्धा तास आम्ही ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवरच बोलत बसलो.